डॉक्टर सांगतात ते पेशंटपर्यंत पोचतं का? सोलापूरकरांनो, अनुभव हवेत

साखरपेठी

मंडळी, एका धर्मादाय दवाखान्यात नव्याने आलेल्या इंटर्न मुलामुलींसाठी दोन तासांचं सत्र घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. विषय 'रुग्णाशी संवाद'. आधी जे गृहस्थ हे सत्र घ्यायचे ते सांगत: हसून बोला, नाव घेऊन हाक मारा, आवाज चढवू नका. यात चूक काही नाही. पण समाजसेवा अधीक्षक म्हणून सरकारी दवाखान्यांत नोकरी करताना मी एक पाहिलंय की गोड बोलणाऱ्या डॉक्टरचाही सल्ला पेशंट दाराबाहेर टाकून जातो, कारण तो सल्ला त्याच्या दिवसात बसतच नाही.

आपल्या पूर्वभागातली विडी वळणारी बाई घ्या. मांडीवर सूप, मान खाली, दिवसभर एकाच जागी. पाठ-मान दुखते म्हणून येते. कागदावर पडतं 'आराम'. तिची मजुरी हजार विड्यांवर. आराम म्हणजे त्या दिवशी चूल कशावर पेटवायची ते सांगा. वर 'आठवड्यानं दाखवायला या' म्हणतो, आणि ओपीडीची वेळ नेमकी कारखान्यात विड्या द्यायला जायची. ती येत नाही. मग फाइलवर शेरा पडतो: रुग्ण सहकार्य करत नाही.

या मुलांना मी एकच गोष्ट शिकवावी म्हणते. सल्ला देण्याआधी विचारा: काम काय करता, किती वाजता सुटता, घरी स्वयंपाक कोण करतं, सोबत कोण आलंय आणि त्याच्यासमोर बोलायला चालेल का. बाकी सगळं यातूनच निघतं असं माझं मत. खोडून काढा, भर घाला. फक्त दवाखान्यांची नावं घेऊन तक्रारी नकोत, त्यासाठी वेगळे धागे आहेत.

रिंगरोडवाला

ताई, राग मानू नका. आधी औषध मिळू द्या, मशीन चालू असू द्या, मग संवादाचं बघू. गरिबाला गोड शब्द नको, गोळी हवी.

साखरपेठी

गोळी हवीच. पण मिळालेली गोळी घरच्या डब्यात तशीच पडून राहते, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे. ती पण सरकारी पैशातूनच येते.

कन्नाचौक

माझी आई विड्या वळायची. घरात तेलुगू, बाजारापुरतं मराठी. 'केवढ्याला दिलं' येतं, 'लघवीला जळजळ होते' येत नाही. लहानपणापासून दवाखान्यात दुभाषी मीच. सहावीत असताना स्त्रीरोगाच्या ओपीडीत तिच्यासोबत उभा होतो. डॉक्टरीणबाई मला विचारतात, पाळी कधी आली होती? मी आईकडे बघतो, आई भिंतीकडे बघते. शेवटी काहीतरी सांगितलं तिनं, मी काहीतरी पोचवलं. नेमका त्रास काय होता ते मला लग्न झाल्यावर बायकोकडून कळलं.

तर पहिली भर ही: पोरांना दुभाषी करू नका. दुसरी भर जरा नाजूक आहे. वॉर्डातल्या मावशी तेलुगू बोलतात म्हणून त्यांना बोलावतात. त्या बिचाऱ्या आपलं काम टाकून येतात, त्याचा त्यांना ना पैसा ना मान. पण त्या राहतात आमच्याच बोळात! अंगावरून जातंय, नवरा मारतो, मूल नकोय, असलं काही आई त्यांच्यासमोर बोलेल का? पूर्वभागात बातमी चालत नाही, पळते.

निवासी

मी सध्या पीजी करतोय (कुठं ते राहू द्या). दुसरी बाजू मांडतो.

सरकारी कॉलेजांतल्या पीजीच्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात. माझ्या युनिटमध्ये एक केरळचा, एक राजस्थानची, एक हैदराबादचा. सोलापुरात आल्यावर मराठी शिकायला त्यांनाच काही महिने जातात. गंमत अशी की हैदराबादवाल्याला अशोक चौकातल्या आज्या पहिल्या दिवसापासून 'बाबू' म्हणतात आणि त्याचीच रांग सगळ्यात लांब. बाकीचे हिंदीवर भागवतात. आता आजीला तेलुगू येतं, डॉक्टरला मल्याळम येतं, दोघं तुटक्या हिंदीत भेटतात. यात 'आदबीनं बोला' सांगून काय होणार?

आणि वेळ. बाहेर रांग जिन्यापर्यंत असते. ताईंचे चार प्रश्न प्रत्येकाला विचारले तर दुपारी तीनलाही ओपीडी उठणार नाही. सगळ्यांना एकच सल्ला देऊन पुढे ढकलणं हा आळस नसतो, कधीकधी तो जगण्याचा मार्ग असतो.

एक मात्र मी करतो. 'समजलं का?' विचारत नाही, कारण उत्तर 'हो' असंच येतं, समजलेलं असो वा नसो. त्याऐवजी म्हणतो, 'घरी गेल्यावर सासूबाईंना काय सांगणार, गोळ्या कशा घ्यायच्या म्हणून?' अर्ध्या मिनिटात खरं बाहेर येतं. मी सांगितलेलं असतं एक, सासूला सांगायचं ठरलेलं असतं भलतंच.

साखरपेठी

हे सासूबाईंचं मी सत्रात घेतेच आहे. वेळेचं पटतं, पण चारही प्रश्न डॉक्टरनंच विचारावेत असं कुठंय? केसपेपर काढताना 'काम' हा एक रकाना भरला तरी तुमचं निम्मं काम होतं. आज तिथं 'गृहिणी' असं छापल्यासारखं लिहितात. घरात बसून रोज हजार विड्या वळणारी बाई कागदावर गृहिणी! मग तिच्या खोकल्याचा आणि घरभर उडणाऱ्या तंबाखूच्या धुळीचा संबंध कुणी लावायचा? 'तंबाखू खाता का' विचारलं तर ती खरंच नाही म्हणते, आणि ते खरंच असतं.

कानगोष्टी

मी श्रवणतज्ज्ञ आहे. भाषेच्याही आधी एक पायरी आहे ती इथं कुणी घेतली नाही: ऐकू येणं.

यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज सहज ९० डेसिबलच्या वर जातो. आपल्याकडे कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादाच ९० ची आहे, आणि मागावर पाळी आठ तासांत संपते असं म्हणणारा माणूस एमआयडीसीत मला भेटलेला नाही. वर्षानुवर्षांच्या या आवाजानं कान आधी ४,००० हर्ट्झच्या आसपास जातो. म्हणजे माणूस बहिरा दिसत नाही. हाक मारली की वळतो, गप्पा मारतो. पण स, श, त, फ, ख असली हलकी व्यंजनं गळतात. 'साठ' आणि 'आठ' यातला फरक त्याला तोंडाकडे बघून कळतो. त्यात डॉक्टर मास्क लावून, मान कागदात घालून, वर घरघरणाऱ्या पंख्याखाली बोलतात. चादर-टॉवेलच्या कारखान्यातला पन्नाशीचा कामगार काय करणार? मान डोलावणार. 'ऐकू आलं नाही' म्हणायला त्याला लाज वाटते आणि मागं रांग असते.

ओरडू नका. ओरडल्यानं स्वर वाढतात, व्यंजनं तिथंच राहतात, आणि पेशंटला वाटतं साहेब चिडले. समोर बसा, उजेड आपल्या तोंडावर येईल असं बसा, सावकाश बोला, आकडा कागदावर मोठा लिहून दाखवा. 'मागावर किती वर्षं?' हा प्रश्न विचारला की पुढं कसं बोलायचं ते आपोआप ठरतं. म्हणजे ताईंचा 'काम काय करता' हाच प्रश्न, पण सल्ल्यासाठी नाही, आवाज लावण्यासाठी.

रिंगरोडवाला

हे मात्र नवीन कळालं. आमचे वडील तीस वर्षं मागावर होते. आम्ही त्यांना 'बेफिकीर' म्हणत आलो.

औषधवाला

माझं दुकान सात रस्त्याजवळ. पेशंट डॉक्टरकडून निघतो तो थेट माझ्या काउंटरवर येऊन विचारतो, 'काय म्हणाले हो डॉक्टर?' रोजचं आहे.

१-०-१ लिहिलेलं असतं. रात्रपाळीचा कामगार सकाळी आठला येऊन झोपतो. त्याची 'सकाळची' गोळी कधीची? बीपीची असेल तर फारसं बिघडत नाही, रोज एकाच वेळी घेतली म्हणजे झालं. पण साखर कमी करणारी काही औषधं अशी असतात की गोळी घेतली आणि न जेवता झोपला तर साखर धाडकन उतरते. म्हणून मी 'सकाळ-रात्र' म्हणतच नाही. 'कामावर निघायच्या आधी जेवता ना? त्या जेवणाबरोबर', असं सांगतो.

दुसरं, पट्टी कापून देणं. चार गोळ्या हव्या असतात, कापून देतो, नाव आणि मुदत दुसऱ्या तुकड्यावर राहते. पुढच्या वेळी पेशंट रिकामा चंदेरी तुकडा घेऊन येतो, 'ही द्या'. कुठली द्यावी? आता मी छोट्या पाकिटात घालून वर नाव लिहितो, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी सूर्य किंवा चंद्र काढतो. रात्रपाळीवाल्यासाठी ताटली काढतो. हसू नका, चालतं.

आशाताई_दक्षिण

मी दक्षिण तालुक्यात आशा आहे. टीबीचं सांगते कारण त्यात बोलण्यानं सगळं घडतं किंवा बिघडतं.

सहा महिने रोज गोळ्या. पहिल्याच आठवड्यात लघवी केशरी होते. ती रिफाम्पिसिनमुळे, काही धोका नाही. आधी सांगितलं नसेल तर माणूस समजतो रक्त चाललंय, गोळ्या बंद. आणि जे खरंच धोक्याचं आहे, डोळे पिवळे होणं, उलट्या थांबत नाहीत, अन्न नको होणं, तेव्हा तो समजतो हेही तसलंच असेल, आणि घरी बसतो. म्हणून दोन्ही एकदम सांगायचं: हे झालं तर घाबरू नका, हे झालं तर त्याच दिवशी या.

अजून एक कुणी बोलत नाही. या औषधानं पाळणा लांबवायच्या गोळ्यांचा असर कमी होतो. तरण्या बाईला हे सांगायला हवं, पण सोबत सासरा असतो नाहीतर दीर. मी वजन करायच्या निमित्तानं तिला आत घेते. वजनाचा काटा लई उपयोगाचा आहे बगा, औषधाचा डोस वजनावर ठरतो म्हणून कुणाला शंकापण येत नाही.

टीबीच्या पेशंटला खाण्यापिण्यासाठी सरकार देतं ते निक्षय पोषणचे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० झालेत. पण ते खात्यावर येतात आणि खातं बहुतेकदा नवऱ्याचं नाहीतर बंद पडलेलं. 'पैसे मिळतील' एवढंच सांगून सोडलं तर आपलाच शब्द खोटा पडतो. खातं कुणाचं आहे ते त्याच दिवशी विचारावं.

सेटलमेंटकर

वाचतोय सगळं. लिहू की नको करत होतो.

आमच्या पणज्याच्या वेळची गोष्ट आहे, पण दवाखान्याशी तिचा संबंध आहे. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मापासून गुन्हेगार ठरवल्या. सोलापुरात तारेच्या आत वसाहत केली, तीच सेटलमेंट. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, वहीत नाव. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा उठला. वही उठली नाही. आजसुद्धा शहरात कुठं चोरी झाली की आमच्याकडे जीप येते.

आता दवाखान्याच्या खिडकीवर काय विचारतात ते ऐका. नाव? आडनाव? जात? पत्ता? आधार? अंगठा लावा. खिडकीतल्या माणसाचं काही चुकत नाही, त्याला फॉर्म भरायचाय. पण आमच्या म्हातारीला ती हजेरीच वाटते. ती नाव चुकीचं सांगते, वय काहीतरी सांगते, पत्ता बहिणीचा देते. पुढच्या वेळी कागद जुळत नाहीत, मग 'खोटं बोलतात हे लोक'. योजनेत नाव बसत नाही. आणि जखम असली तर विचारूच नका. 'कशानं झाली?' हा प्रश्न डॉक्टरला उपचारासाठी हवा असतो, आमच्याकडे तो पोलिसाच्या आवाजात ऐकू येतो. दोघं शेजारीशेजारी उभे असले तर बोलणंच संपलं.

काय करता येईल? कशासाठी विचारतोय ते आधी सांगा. 'आजी, औषध किती द्यायचं ते वयावर ठरतं, म्हणून विचारतो.' एवढं वाक्य. आणि जातीचा रकाना उपचाराला लागत नसेल तर आल्याआल्या विचारू नका, आधी तपासा, मग कागद करा. ताई, तुमचे चार प्रश्न चांगले आहेत, पण आमच्या वस्तीत 'किती वाजता बाहेर पडता' विचारलंत तर उत्तर मिळणार नाही, एवढं लक्षात ठेवा.

साखरपेठी

हे मी लिहून घेतलं. प्रश्नांच्या आधी कारण. चार प्रश्नांची यादी करून भिंतीवर लावायचा विचार होता, तो रद्द. यादी झाली की मुलं ती खिडकीवरच्या फॉर्मसारखीच वाचणार.

नईजिंदगी

वालिदांना शुगर आहे. एका डॉक्टरांनी सांगितलं, रोजे ठेवू नका, विषय बंद. अब्बांनी मान हलवली, रोजे ठेवले, आणि रमजानभर त्या डॉक्टरांकडे गेलेच नाहीत. महिन्यानं गेले तेव्हा सगळं 'ठीक' सांगितलं. दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रमजानच्या आधीच्या भेटीत स्वतःहून विचारलं, 'रोजे ठेवायचा विचार आहे का? मग गोळ्या सेहरी-इफ्तारीला कशा बसवायच्या ते बघू. आणि साखर सत्तरच्या खाली गेली तर रोजा सोडायचा, हे आत्ताच कबूल करा.' अब्बांनी कबूल केलं आणि एकदा सोडलाही. त्यांना अडवणारं कुणी नको होतं, हिशोब करून देणारं हवं होतं.

अक्कलकोटरोड

तेलुगूवर बरंच झालं, कन्नडवाले राहिले! अक्कलकोट, दक्षिण सोलापूरची निम्मी गावं कन्नड. आमच्या आजीला डाएटचा छापील कागद दिला, त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. आजीनं त्यात कडक भाकरी बांधली. घरात मालदांडीची भाकरी, डाळ, पालेभाजी आहे ती चांगलीच आहे, फक्त शेंगाचटणीतलं मीठ आणि चहातली साखर आवरा, एवढं कन्नडात कुणी सांगितलं असतं तर पुरे होतं.

जरा विषयांतर, पण राहवत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच गावात १९१० मध्ये जन्मले. १९३८ मध्ये चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करायचे म्हणून चिनी शिकले, १९४२ मध्ये तिथंच गेले. भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक आपण पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो. त्यांच्या गावच्या डॉक्टरांना कामापुरतं तेलुगू-कन्नड यायला हरकत नाही, एवढंच म्हणतो.

निवासी

कोटणीसांना शिकायला युद्ध होतं, आम्हाला नाइट ड्युटी आहे :) पण पन्नासेक वाक्यं कुणी तेलुगू, कन्नड आणि दखनीत म्हणून ध्वनिमुद्रित करून दिली तर मी फोनवर ठेवीन, युनिटमध्येही वाटीन. 'कुठं दुखतं' नको, ते बोटानंच कळतं. 'याआधी कुठं दाखवलं, त्यांनी काय दिलं', 'बाकीचे बाहेर थांबले तर चालेल का' असली हवीत.

रिंगरोडवाला

सगळं छान चाललंय पण पैशाचं कुणीच बोलेना. गरिबाचा पहिला प्रश्न रोगाचा नसतो, 'किती लागतील' हा असतो. आणि तोच प्रश्न डॉक्टर, नर्स, काउंटर एकमेकांकडे टोलवतात. आमच्या शेजाऱ्यांनी पोटाचं ऑपरेशन सहा महिने टाळलं, का तर कुणीतरी लाखभर म्हणालं होतं. ते महात्मा फुले योजनेत बसत होतं. दवाखान्यात योजनेची माहिती द्यायला नेमलेला आरोग्यमित्र खुर्चीवर बसलेलाच असतो, पण त्याच्याकडे जा असं सांगायचं कुणाचं काम आहे तेच ठरलेलं नसतं.

साखरपेठी

इथं मी तुमच्याशी शंभर टक्के सहमत. आणि धर्मादाय दवाखान्यांना तर कायद्यानंच १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत, सार्वजनिक विश्वस्त कायद्याचं कलम ४१कक. उच्च न्यायालयानं योजना घालून दिली २००६ मध्ये. बोर्ड लावलेला असतो, मराठीत, दोन माणसांच्या उंचीवर. इंटर्ननं ऑपरेशन सुचवलं की त्याच श्वासात खर्चाचं कुणाशी बोलायचं ते सांगायचं, हे मी व्यवस्थापनाकडूनही मान्य करून घेणार आहे. संमतीपत्राचंही तेच. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये समीरा कोहली प्रकरणात स्पष्ट केलंय की संमती म्हणजे पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली संमती. अंगठा कागदावर उमटला म्हणजे माहिती डोक्यात उतरली असं होत नाही.

कन्नाचौक

ध्वनिमुद्रणासाठी तेलुगू मी देतो. उलट बायकांच्या तक्रारींची वाक्यं माझ्या आवाजात नकोतच, बायको देईल. फक्त आमचं तेलुगू सोलापुरी आहे, हैदराबादवाले हसतात.

अक्कलकोटरोड

कन्नड माझ्याकडे लागलं. आजीकडून तपासून घेतो.

साखरपेठी

सोलापुरीच हवं. आता सत्राचं: भाषण कमी करते. पहिला अर्धा तास मी, नंतर तुमच्यापैकी जे येतील ते पेशंट होऊन समोर बसतील आणि मुलांनी त्यांच्याशी बोलायचं. सेटलमेंटकर, तुम्ही याल का? येणाऱ्या प्रत्येकाला बुडालेल्या दिवसाची मजुरी द्यायची, हे मी आधीच मंजूर करून घेतलंय.

सेटलमेंटकर

मावशीला आणतो. ती माझ्यापेक्षा बरी बोलते. पण फोटो काढायचे नाहीत आणि सहीच्या वहीत नाव मागायचं नाही.

साखरपेठी

दोन्ही कबूल. मजुरीची पावती माझ्या नावावर करीन.

कानगोष्टी

हॉल कुठला आहे ते कळवा. पत्र्याचं छत आणि जुने पंखे असतील तर मागच्या दोन रांगांना मावशींचं काही कळणार नाही. खुर्च्या गोलात मांडा आणि बोलताना पंखे बंद ठेवा, उकडलं तरी चालेल.